बाईंचं ‘अजून नाही’

काशीत दूधविनायकाच्या गल्लीत चण्याची पुडी घेतली आणि पुडीच्या इंग्रजी कागदावर लाल शाईने जागोजागी ‘द’ घुसवलेला दिसला, तर तो कागद शरदिनीबाई टेंब्यांच्या घरचा, हे खुशाल समजावं. बाई रोज सकाळी इंग्रजी पेपर लाल पेन हातात घेऊन वाचतात. जिथे ‘अ’ हवा तिथे तो नसतो, जिथे ‘द’ नको तिथे तो ठाण मांडून बसलेला असतो. बाई नको तो खोडतात, हवा तो घालतात, गुण तेवढे देत नाहीत. महिनाअखेरीला तपासलेले तीस पेपर रद्दीवाल्याकडे जातात आणि तिथून चणेवाल्याकडे. संपादकांना याचा पत्ता नाही आणि चणे खाणाऱ्यांना त्याची पर्वा नाही.

बाईंनी तेहेतीस वर्षं मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. त्यातली निम्मी वर्षं ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’ यांच्यातच गेली असावीत. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी खडूने भरलेली बोटं काचेला लागू नयेत म्हणून मनगटाच्या मागच्या बाजूने चष्मा वर सारायची सवय तशीच राहिली. खडू सुटला, मनगट सुटलं नाही. बाईंना स्वतःला हे ठाऊकही नव्हतं, कारण आपण चष्मा कसा वर करतो हे सांगायला घरात कोणी लागतं.

ते कोणी नव्हतं. लग्न केलं नाही, आई नऊ वर्षांपूर्वी गेली. भाऊ रत्नाकर इंदूरला. त्याचा रविवारी सकाळी दहाला फोन येई, आणि सहा मिनिटांच्या फोनमध्ये चार मिनिटं हवामान असे. काशीतल्या मराठी माणसांचं असं असतं की दाराच्या आत मराठी आणि उंबरठा ओलांडला की हिंदी. घरात दोन माणसं असली तर ही व्यवस्था उत्तम. आई गेल्यावर बाईंचं मराठी जवळजवळ बंदच पडलं. दूधवाला, भाजीवाली, खालच्या मजल्यावरच्या मिसराइन, सगळ्यांशी हिंदी. कधी कधी गुरुवारी वगैरे त्यांच्या लक्षात येई की रविवारपासून आपण मराठीतला एक शब्द तोंडातून काढलेला नाही. मग त्या कुकरला म्हणत, ‘झाली का रे शिट्टी?’ कोणी विचारलं तर म्हणत, एकटेपणाची सवय झाली. सवयबिवय काही झालेली नव्हती.

अशा घराचा जिना भाद्रपदात एके दिवशी दुपारी मालविका चढून आली. ही बाईंची जुनी विद्यार्थिनी, आर्टिकल्समध्ये कायम मार खाणारी. मागे तिचा नवरा यज्ञेश उभा होता. वय तेहेतीस, शेंडी, कपाळाला गंध, हातात नवी कोरी वही. रामघाटाच्या वेदपाठशाळेत शिकवायचा. शुक्ल यजुर्वेदाचा घनपाठी, म्हणजे मंत्रातले शब्द पुढून मागून, उलटसुलट गुंफून न चुकता म्हणणारा माणूस. असे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत, पण पाठशाळेत मुलंही तितकीच उरली होती आणि तिघा गुरुजींपैकी एकाला घरी बसावं लागणार होतं. यज्ञेश सगळ्यांत धाकटा.

‘इंग्लंडमधल्या एका गावात आपल्या लोकांचं देऊळ आहे, बाई,’ मालविका म्हणाली. ‘तिथे पुजारी पाहिजे. पण तिकडच्या मुलांना इंग्रजीत समजावून सांगणारा. फोनवर व्हिडिओ लावून मुलाखत घेणार आहेत. यांचं इंग्रजी तसं ठीक आहे, पण ‘अ’ नाही, ‘द’ नाही, सगळे शब्द एकापाठोपाठ एक नुसते गंगेत सोडल्यासारखे.’

‘तुझ्या वळणावर गेले म्हणायचे,’ बाई म्हणाल्या, आणि मालविका शाळेत लाजायची तशी लाजली.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी चार ते पाच शिकवणी सुरू झाली. फळा नव्हता म्हणून बाईंनी जुन्या कॅलेंडरच्या मागे अकरा नियम आणि सात अपवाद लिहून भिंतीला टांगले. यज्ञेशने सगळं सुवाच्य उतरवून घेतलं. तीन दिवसांनी बाईंनी पाच वाक्यं लिहायला सांगितली, तर पाचांतल्या एकातही आर्टिकल नव्हतं.

‘गुरुजी, काय हो हे?’

‘बाई, आधी मला तू म्हणा. शिकायला आलोय,’ यज्ञेश खालमानेने म्हणाला. ‘आणि हे डोळ्यांनी माझ्यात जात नाही. मी आठव्या वर्षापासून जे शिकलो ते कानानं. तुम्ही संथा द्या.’

‘व्याकरणाची संथा?’

‘वाक्याची द्या. व्याकरण मागून येईल चालत.’

संथा म्हणजे काय ते रामघाटाच्या आसपास वाढलेल्या बाईंना ठाऊक होतं. गुरूने एकदा म्हणायचं, शिष्याने दोनदा. जसंच्या तसं, श्वासासकट. लहानपणापासून पाठशाळेच्या खिडकीखालून जाताना त्यांनी ते ऐकलं होतं, पण मुलींनी ऐकायचं ते खिडकीखालूनच. आज एक घनपाठी पाटावर मांडी घालून त्यांच्याकडून संथा मागत होता. बाईंना हसू आलं आणि थोडी भीतीही वाटली.

‘अ मॅन रिंग्ज अ बेल,’ त्या म्हणाल्या. ‘द बेल इज ओल्ड.’

यज्ञेशने ते दोनदा परत केलं. ‘रिंग्ज’नंतर बाईंना बारीक ठसका लागला होता. तेवढ्या जागी तो थांबला आणि अगदी गंभीरपणे विचारलं, ‘ठसका घ्यायचा का सोडायचा?’

शरदिनीबाई इतक्या मोठ्याने हसल्या की खालून मिसराइनने ‘का भइल, माताजी?’ म्हणून हाक दिली.

पुढे हातही आला. शुक्ल यजुर्वेदी मंडळी मंत्राचे स्वर हाताने दाखवतात. हात हलल्याशिवाय यज्ञेशच्या तोंडून पाठ निघेना. मग दोघांनी मिळून ठरवलं. ‘अ’ला तळवा उघडा वर, ‘द’ला तर्जनी खाली, आणि जिथे काहीच नको तिथे मूठ छातीशी. बाई म्हणत, तो दोनदा म्हणे, दोघांचे उजवे हात हवेत वरखाली होत. तेहेतीस वर्षं नियम शिकवून जे एका वर्गाला धड आलं नाही, ते या माणसाला पंधरा दिवसांत यायला लागलं, याचं बाईंना कौतुकही होतं आणि आपल्या तेहेतीस वर्षांचा थोडा रागही.

एकदा त्याने विचारलं, ‘घंटा तीच. मग पहिल्यांदा ‘अ’ आणि लगेच ‘द’ कसा?’

‘घंटा तीच रे. पण ऐकणाऱ्याला आधी ती ठाऊक नव्हती, आता झाली. आपल्याला काय ठाऊक आहे ते बघायचंच नाही. समोरच्याला काय ठाऊक आहे ते बघायचं. इंग्रजीत दर दोन शब्दांनी समोरच्या माणसाचा विचार करावा लागतो.’

यज्ञेशने तळवा वर केला, मग तर्जनी खाली. ‘मग आमच्या रामघाटावर ‘अ’ लागायचाच नाही. तिथे सगळ्यांना सगळं आधीच मालूम.’

‘तिकडे लागेल,’ बाई म्हणाल्या. ‘तिकडे तुला पहिल्यापासून सांगावं लागेल सगळं.’

हे बोलताना त्यांना पहिल्यांदा नीट उमगलं की हा जाणार आहे. तोवर ते नुसतं कारण होतं, शिकवणीचं.

दिवस बदलले होते. बाई आता पावणेचारलाच चहाचं आधण ठेवत. आदल्या दिवशी पेपरात काही गंमत सापडली तर ती यज्ञेशसाठी राखून ठेवत. शिकवणी पाचला संपे, पण यज्ञेश साडेपाचपर्यंत बसे आणि पाठशाळेतल्या भानगडी सांगे. त्याचं मराठी हिंदीने भरलेलं होतं, ‘दिक्कत’ आणि ‘जल्दी’शिवाय वाक्य पुरं होत नसे, तरी ते मराठी होतं आणि बाईंशी बोललेलं होतं. गुरुवारी कुकरशी बोलायची वेळ येत नव्हती. बाई सुखी होत्या, अगदी लपवता येणार नाही इतक्या. भावाने फोनवर विचारलंसुद्धा, तब्येत सुधारली का म्हणून.

कार्तिकी पौर्णिमेच्या आधी देवळाच्या मंडळींनी मुलाखतीची तारीख विचारली. यज्ञेशने त्या दिवशी तासभर सलग म्हटलं. देवळाची ओळख, सोळा उपचार, मुलांना सांगायची गणपतीची गोष्ट, सगळं इंग्रजीत, हातासकट. एक ‘अ’ सुटला नाही, एक ‘द’ जास्त झाला नाही. बाईंनी मधेच पाठाबाहेरचे सात-आठ प्रश्न टाकले, तेही त्याने अडखळत पण बरोबर पेलले. मग तो हात जोडून बसला.

‘बाई, आमच्यात गुरूनं ‘झालं’ म्हटल्याशिवाय चार लोकांत पाठ म्हणायचा नसतो. तुम्ही सांगाल तेव्हा मी त्यांना तारीख कळवतो.’

बाई या रिवाजात वाढल्या नव्हत्या. त्यांच्या शाळेत परीक्षेची तारीख बोर्ड ठरवायचं. आज ती त्यांच्या हातात आली होती. त्यांनी मनगटाने चष्मा वर सारला.

‘अजून नाही,’ त्या म्हणाल्या.

यज्ञेशने मान डोलावली, वही काखोटीला मारली आणि तो उद्या येतो म्हणाला. बाईंनी दोन्ही कप विसळले. खोटं बोलल्याचं त्यांना स्पष्ट कळत होतं. त्या खोट्याला त्या दुसरं काहीतरी नाव द्यायला बघत होत्या, पण तेहेतीस वर्षं उत्तरपत्रिका तपासलेल्या बाईला बरोबर उत्तर ओळखता येतंच. त्यांना फक्त उद्याचे चार वाजायला हवे होते.

मार्गशीर्षात पुन्हा विचारणा झाली. बाईंनी एका वाक्यातली घाई काढली, एका वाक्यातला उच्चार, आणि म्हणाल्या, ‘अजून नाही.’ पौषात थंडी फार होती, धुक्याने समोरचं छत दिसत नव्हतं. यज्ञेश मफलर गुंडाळून जिना चढून आला, पहिलं वाक्य म्हणाला आणि बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, इतकं ते सुरेख होतं. त्या दिवशी दोष काढायचेही कष्ट न घेता त्या ‘अजून नाही’ म्हणाल्या.

मकरसंक्रांतीला मालविका तिळगूळ घेऊन आली, एकटीच. पाया पडली, खुर्चीच्या कडेवर बसली.

‘बाई, त्यांनी कळवलंय. या आठवड्यात मुलाखत दिली नाही तर दुसऱ्याला घेणार. इकडे पाठशाळेचं पण ठरलं, चैत्रापासून यांना येऊ नका म्हणून सांगितलंय. मी म्हटलं, देऊन टाका, बाई काय म्हणायच्या आहेत? तर म्हणे, बाईंनी हो म्हटल्याशिवाय नाही. दुसऱ्याला घेतलं तर घेऊ देत.’

बाईंनी तिळगूळ बशीत काढला.

‘माझं काही म्हणणं नाही,’ मालविका तिळाचा एक दाणा बोटाने उचलत म्हणाली. ‘कच्चं असेल तर कच्चं म्हणा. फक्त शाळेत तुम्ही आम्हाला असं कधी लटकवून ठेवलं नाहीत. मला नापास केलंत तरी त्याच दिवशी सांगितलंत.’

ती गेल्यावर बाई बराच वेळ भिंतीवरच्या अकरा नियमांकडे बघत बसल्या. स्वतःची इतकी लाज त्यांना आयुष्यात वाटली नव्हती. माणसं आपल्याला सोडून गेली हे त्यांना माहीत होतं. आपण कोणाला धरून ठेवू शकतो, तेही त्याच्या भक्तीचा फायदा घेऊन, हे नवीन होतं. एका भल्या माणसाचं घर त्यांनी दोन-अडीच महिने टांगणीला लावलं होतं, आणि कशासाठी तर रोज दुपारी एक कप चहाला सोबत म्हणून.

दुसऱ्या दिवशी यज्ञेश आला तसा त्याला पाटावर बसूही न देता त्या म्हणाल्या, ‘झालं.’

‘आज म्हटलं नाही अजून मी काही.’

‘आज नाही, कार्तिकातच झालं होतं. मी खोटं बोलले.’

यज्ञेश उभाच राहिला. बाईंना वाटलं, आता हा रागावेल, आणि रागावला तर बरं होईल. तो वाकला, नमस्कार केला. ‘गुरूनं अजून नाही म्हटलं की अजून नाही,’ तो म्हणाला. ‘का, ते आमच्यात विचारत नाहीत.’ आणि त्याने खरंच कधी विचारलं नाही. ते बाईंना रागापेक्षा जड गेलं.

मुलाखत बाईंच्याच टेबलावर झाली, कारण त्यांच्या खिडकीत उजेड चांगला. बाई स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या होत्या. खोलीत यज्ञेश बोलत होता आणि दाराआड बाईंचा हात वरखाली होत होता. चाळीस मिनिटांनी त्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

चैत्रात ती दोघं गेली. जायच्या दिवशी सामान गल्लीतून हातगाडीवर निघालं, आणि यज्ञेशने जिन्यात विचारलं, दक्षिणा काय देऊ. बाई म्हणाल्या, ‘रविवारी फोन कर. आपल्या सोयीने.’ सुरुवातीला प्रत्येक रविवारी फोन आला. मग रविवारी देवळात गर्दी असते म्हणून कधी सोमवारी. मग महिन्यातून एकदा. यात कोणाचा दोष नव्हता, आणि बाई आपणहून फोन करत नसत, कारण आपण एकदा धरून ठेवलं होतं हे त्या विसरल्या नव्हत्या. चारची वेळ मात्र जाता जात नसे. पेपर पुन्हा लाल होऊ लागले. कुकर पुन्हा मराठी ऐकू लागला.

वर्ष होत आलं. माघातल्या एका मंगळवारी सकाळी मालविकाने रात्री पाठवलेला व्हिडिओ बाईंना दिसला. खाली लिहिलं होतं, ‘बाई, यांचा वर्ग बघा.’

सभागृहात जमिनीवर दहा-बारा मुलं बसली होती, अंगात जाड स्वेटर. समोर यज्ञेश, जरा सुटलेला. त्याने एक इंग्रजी वाक्य म्हटलं, मुलांनी दोनदा परत केलं. तळवा वर, बोट खाली, मूठ छातीशी. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्या त्या मुलांना ‘अ’ आणि ‘द’साठी हात हलवायची काडीची गरज नव्हती. पण संथेत आलं होतं, म्हणून ती हलवत होती. बाई हसल्या. मग पुढच्या वाक्याआधी यज्ञेशने मनगटाची मागची बाजू नाकाशी नेली आणि काहीतरी वर सारलं. त्याला चष्मा नव्हता. मुलांनीही मनगटं नाकाशी नेली आणि नसलेले चष्मे वर सारले.

हे काय करतात म्हणून बाई पुढे वाकल्या, आणि वाकताना त्यांचं स्वतःचं मनगट चष्म्याला लागलं. त्या तशाच थबकल्या. ठसका घ्यायचा का सोडायचा, हे त्याने विचारलं होतं. मनगटाचं विचारायचं राहिलं होतं आणि त्याने सगळं घेतलं होतं. आपल्यामागे आपलं काही उरणार नाही असं समजून चाललेल्या त्या बाईला, परक्या गावातली इतकी मुलं आपलं मनगट घेऊन बसलेली बघून रडू आलं, आणि ते आनंदाचं होतं.

व्हिडिओ संपत नव्हता. निळ्या स्वेटरातली एक मुलगी उठली, पुढे आली, आणि तिने गणपतीची सबंध गोष्ट एकटीने म्हणून दाखवली. बाईंनी परीक्षकाच्या कानांनी ऐकली. कुठे घाई नाही, कुठे चूक नाही. मुलीने हात जोडले आणि यज्ञेशकडे पाहिलं. यज्ञेशने नसलेला चष्मा वर सारला.

‘नॉट येट,’ तो म्हणाला. आवाज, थांबणं, शेवटी किंचित खाली येणारा सूर, सगळं शरदिनीबाईंचं होतं.

मुलगी मान डोलावून जागेवर जाऊन बसली.

बाईंनी तो तुकडा चारदा पाहिला. मग घड्याळ पाहिलं. तिकडे पहाट असणार. त्यांनी पेपर उघडला, मिटला, भाजी चिरली. दुपारी एकच्या ठोक्याला त्यांनी वर्षात पहिल्यांदा आपणहून फोन लावला.

‘बाई? सगळं ठीक ना?’ यज्ञेश घाबरून म्हणाला.

‘ठीक आहे रे. ती निळ्या स्वेटरातली मुलगी. तिचं झालंय.’



‘झालं म्हटलं की तिला काय होतं?’ बाईंनी विचारलं.

‘काही नाही. उत्सवात सगळ्यांसमोर म्हणेल. मग मोठ्यांच्या वर्गात जाईल, तो दुसरे घेतात.’ यज्ञेश मग बारीक आवाजात म्हणाला, ‘बाई, बाकीची मुलं फक्त रविवारी येतात. ही एकटी रोज येते, शाळा सुटल्यावर. चार वाजता.’

बाईंनी डोळे मिटले. टेबलावर सकाळचा कप तसाच होता. चार वाजले की यज्ञेशला तिकडे काय होतं ते त्यांना कोणी पहिल्यापासून सांगायची गरज नव्हती.

‘मला ठाऊक आहे,’ त्या म्हणाल्या. ‘तरी आजच सांग तिला. तिला जाऊ दे. आणि चार वाजता मला फोन कर.’

‘तुमच्याकडे तेव्हा साडेनऊ होतील, बाई. झोपायची वेळ.’

‘मी जागी असते,’ शरदिनीबाई म्हणाल्या.